शियामेनची मुगाची पेस्ट्री: आत डाळ आहे, पण हिशेब गोडाचाच

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: चीनमधल्या शियामेनहून आलेल्या डब्यातली ही ल्यूदोउ बिंग, म्हणजे मुगाच्या सारणाची पेस्ट्री, मुगाची म्हणून पौष्टिक समजायची का, आणि ती शाकाहारी असते का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण डबा एव्हाना फुटला असेल. पारंपरिक कृतीत पारीला डुकराची चरबी असते. हल्ली बऱ्याच बेकऱ्या तेल किंवा लोणी वापरतात, पण नुसतं बघून फरक कळत नाही. डब्यावरचे घटक फोनवर भाषांतर करून वाचा; 'झू यौ' (猪油) दिसलं तर ती डुकराची चरबी. खाऱ्या प्रकारात सारणातही मांस असू शकतं.

आता पौष्टिकपणा. १०० ग्रॅम कोरड्या मुगात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात, हे खरंच. पण ४० ग्रॅमच्या एका पेस्ट्रीत सारण निम्मं धरा, त्यात कोरडी डाळ जेमतेम ८ ग्रॅम. म्हणजे मुगाची प्रथिनं दोनेक ग्रॅम, मैद्याचं एखादं ग्रॅम. सालं काढलेली, त्यामुळे चोथाही बराच गेला. उष्मांक मात्र दीडशेच्या वर. मधुमेह असेल तर मुगाच्या नावावर सूट घेऊ नका. अर्धी घ्या, तीही जेवणाच्या हिशेबात धरून. 'कमी साखरेची' मिळते, पण ती लवकर खराब होते, कारण सारण टिकतं ते साखर आणि स्निग्धामुळेच.

मग खायची कशासाठी? कारागिरीसाठी! चिरोट्याला साटा लावतो तोच प्रकार: एक कणीक पाणी-चरबीची, दुसरी नुसती मैदा-चरबीची. दुसरी पहिलीत गुंडाळून लाटायची, वळकटी करायची, आडवी फिरवून पुन्हा लाटायची. भाजताना थर सुटतात आणि दात लागताच पारीचा भुगा होतो, म्हणून हनुवटीखाली तळहात धरूनच खातात. आतलं सारण इतकं घोटलेलं की जिभेवर कण लागत नाही. शियामेन ज्या प्रांतात आहे त्या फुच्यानमध्ये सोबत बिनसाखरेचा ऊलाँग चहा असतो, बहुधा जवळच्याच आन्शीचा थिएग्वानयिन. त्याच्या तुरटपणाशिवाय दुसरी पेस्ट्री मला तरी जड जाते.

मऊ पडली तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शेकवा. मायक्रोवेव्हमध्ये नको, पारी चामट होते.