मोंढ्यात सेंद्रिय मालाला वेगळा भाव का मिळत नाही?

प्रश्न (औसा तालुका, लातूर): आम्ही सात शेतकऱ्यांचा गट आहोत. तीन वर्षांपासून एकवीस एकरांत रासायनिक खत-औषध पूर्ण बंद केलं आहे. सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घेतो. सोयाबीनचा उतारा एकरी क्विंटलभराने घटला. माल मोंढ्यावर (बाजार समितीच्या आवारात) नेला तर आडत्या म्हणतो, सेंद्रिय असो की नसो, भाव एकच. मग हे सगळं कशासाठी केलं?

उत्तर: आडत्याने तुम्हाला फसवलेलं नाही, हे आधी सांगून टाकतो. मोंढ्यात ढिगात हात घालणारा माणूस ओलावा बघतो, माती-काडी बघतो, डागी दाणा बघतो. तुमच्या रानात डीएपी पडलं की शेणखत, हे दाण्याकडे बघून कळत नाही. आणि कळलं तरी त्याच्या कामाचं नाही, कारण त्याच्याकडून माल घेणारी मिल तुमची रास आणखी दहा गावांच्या मालात ओतणार आहे.

सोयाबीनचं तर पुढे काय होतं ते बघा. दाण्यातून साधारण १८ टक्के तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड होते आणि कोंबड्यांच्या खाद्यात जाते. पुण्यात तेलाची पिशवी घेणाऱ्या बाईला ते तेल औशाच्या सोयाबीनचं की अर्जेंटिनाच्या, हे कळायला मार्ग नाही. जो माल खाणाऱ्यापर्यंत तुमचा म्हणून पोचतच नाही, त्याचे जादा पैसे कोण देणार? निर्यातीसाठी सेंद्रिय सोयाबीन घेणारे आहेत, पण त्यांना एनपीओपीचं (केंद्र सरकारच्या सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं) प्रमाणपत्र, शेतवार नोंदी आणि मोठा गट लागतो. एकवीस एकरांवर ते गणित बसत नाही.

तूर वेगळी. तूर डाळ होऊन ताटात येते, तिची चव लागते, ती शिजते की नाही हे पहिल्याच दिवशी कळतं. आपल्याच जिल्ह्यात बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच कारणाने. (ते नाव बोरसुरीच्या नोंदणीकृत उत्पादकांचं आहे. आपल्या पिशवीवर छापू नका, पुढे अडचणीत याल.) म्हणून माझा सल्ला असा, की एकाच रानातल्या या दोन पिकांचा हिशेब वेगळा मांडा. सोयाबीनमध्ये खर्च वाचवा आणि तुरीत गिऱ्हाईक शोधा. सोयाबीनला गिऱ्हाईक शोधत बसाल तर वर्ष जाईल.

आता सोयाबीनचा खर्च. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. म्हणजे एकरी एक क्विंटल उतारा घटला, की तेवढे पैसे गेले. मोंढ्यात हमीभावापेक्षा कमी मिळाले असतील तर तुमच्या पट्टीवरचा (आडत्याने दिलेल्या हिशेबाच्या चिठ्ठीवरचा) आकडा घाला. हे नुकसान भरून निघायला खर्च एकरी पाच हजारांहून जास्त वाचायला हवा. वाचतो का? युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, बाकीचे पैसे सरकार भरतं. त्यामुळे युरिया बंद केल्याने जमिनीचं भलं होईल, खिशाचं फारसं नाही. शिवाय सोयाबीन हे द्विदल पीक, त्याला युरिया मुळातच थोडा लागतो. डीएपीची गोणी १,३५० रुपयांना. दोन फवारण्या वाचल्या तर औषध आणि मजुरी धरून दीड-दोन हजार. उलट बाजूला, तणनाशक बंद केलं की खुरपणी वाढते, आणि आजच्या रोजाने एका खुरपणीला अडीच-तीन हजार कुठेच गेले नाहीत. सगळं जमेस धरलं तर हजार-दीड हजार उरतात, आणि घटलेल्या उताऱ्याने पाच हजार नेले.

मी सेंद्रिय शेतीच्या विरोधात आहे असं समजू नका. पण एका हंगामात सगळं सोडून द्या असं सांगणाऱ्यांच्याही बाजूने मी नाही. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकदम थांबवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. देशाला जे झेपलं नाही ते सात जणांच्या गटाला झेपेल असं धरून चालता येत नाही.

जिथे खर्च खरोखर वाचतो ती जागा म्हणजे बियाणं. सोयाबीन स्वपरागित आहे. सरळ वाणाचं बी घरचं ठेवून दोन-तीन वर्षं वापरता येतं. दुकानातल्या ३० किलोच्या बॅगेला जे मोजता, त्याच्या साधारण निम्म्यात घरचं बी पडतं. रुंद सरी वरंब्यावर पेरलं तर एकरी बावीस किलोपर्यंत भागतं, आणि ओढ दिलेल्या पावसात पीक तग धरतं ते वेगळंच. मळणी करताना यंत्राचे फेरे कमी ठेवा, सोयाबीनच्या दाण्याचं टरफल नाजूक असतं. पोती सातपेक्षा जास्त उंच रचू नका. दुसरी जागा फवारणी. शेजाऱ्याने मारलं म्हणून आपण मारायचं, हे थांबलं तरी एक फवारणी वाचते. तुरीत हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग दोन-तीन दिवस सापळ्यात आठ-दहा पतंग दिसले तरच घाटेअळीसाठी निंबोळी अर्क किंवा एचएएनपीव्हीची (अळीला रोग पाडणाऱ्या विषाणूच्या औषधाची) तयारी करा. तिसरी जागा कोळपणी. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांत पहिलं आणि तिसाव्या दिवसाच्या आसपास दुसरं कोळपं वेळेवर फिरलं, तर खुरपणीच्या बायका निम्म्या लागतात. वाफसा बघत बसलात आणि आठ दिवस लांबलं, की पुन्हा तणनाशकाची आठवण येते.

माती परीक्षण करून स्फुरद (फॉस्फरस) कमी असलेल्या दोन-तीन तुकड्यांपुरती खताची अर्धी मात्रा द्यायला मी सांगेन. तसं केलं तर तो तुकडा सेंद्रिय म्हणून विकता येणार नाही. पण सोयाबीनला सेंद्रिय म्हणून तुम्ही आजही विकत नाही, एवढं लक्षात घ्या. मात्र ज्या तुकड्यातली तूर सेंद्रिय म्हणून विकायची, तिथल्या सोयाबीनलाही खत-औषध चालणार नाही. रान एकच आहे. म्हणून सात जणांनी बसून ठरवा, कोणता तुकडा कशासाठी.

*

प्रश्न (निलंगा तालुका): आमच्या बचत गटाने घरची सेंद्रिय तूर भरडून पुण्यातल्या दोन सोसायट्यांमध्ये विकली. पहिल्या महिन्यात दोन क्विंटल डाळ हातोहात गेली. दुसऱ्या महिन्यात पन्नास किलोही गेली नाही. लोक म्हणायचे, आम्ही कायम तुमच्याकडूनच घेऊ. मग झालं काय?

उत्तर: ताई, लोक खोटं बोलले नाहीत, त्यांच्या घरात डाळ शिल्लक आहे. चौघांच्या घरात महिन्याला दोन-अडीच किलो तूरडाळ संपते. पहिल्या वेळी कौतुकाने प्रत्येकीने पाच किलो घेतली. ती संपायला दोन महिने लागणार. तुम्ही दुसऱ्याच महिन्यात गेलात. तिसऱ्या महिन्यात गेला असतात तर विक्री बघून तुम्ही आम्हालाही वेगळं काही लिहिलं असतं.

दुसरं कारण अवघड आहे. शहरातली बाई महिन्याचं सामान एकाच ठिकाणी भरते. तुमच्याकडे फक्त डाळ. बाकीच्या सतरा वस्तूंसाठी तिला दुकानात जायचंच आहे, मग यादीत डाळही टाकते. आता तर फोनवर बोट लावलं की सामान दारात येतं. तुमची डाळ तिला आवडते, पण तुमच्यासाठी वेगळी तारीख लक्षात ठेवणं तिला जमत नाही. म्हणून शेजारच्या गटांना सोबत घ्या. ज्वारी, हरभरा डाळ, बेसन, गूळ, हळद असं आठ-दहा वस्तूंचं सामान करा. महिन्यातला एकच ठरलेला रविवार धरा, आणि चार दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी घेऊन पैसे आगाऊ मागा. आगाऊ पैसे मागायला बायका लाजतात, हे मला ठाऊक आहे. पण ज्याने पैसे भरले तो त्या रविवारी घरी थांबतो.

सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत (२०२२-२३) शहरातलं कुटुंब एकूण खर्चापैकी सुमारे ३९ टक्के खाण्यावर घालवतं असं दिसलं. त्यात तांदूळ-गव्हासारख्या तृणधान्यांवर जेमतेम ३.६४ टक्के, आणि पेयं, तयार पदार्थ, प्रक्रिया केलेलं खाणं यांवर १०.६४ टक्के. म्हणजे शहरातला माणूस कच्च्या धान्याला मोजतो थोडं, आणि वाचलेल्या वेळेला जास्त. म्हणूनच तुमच्याकडच्या मेतकुटाला, भाजणीला, निवडून दिलेल्या डाळीला जागा आहे. डाळीचा भाव दहा रुपयांनी वाढवण्यापेक्षा ती खडे निवडून देणं सोपं पडेल.

आता भावाचा हिशेब. तो तुम्ही लिहून पाठवला नाही, म्हणून मीच आकडे धरतो. तुमचे घालून पुन्हा मांडा. तूर एक क्विंटल, २०२५-२६ च्या हमीभावाने ८,००० रुपये. मिनी डाळ मिलवर साधारण ७० किलो डाळ पडते. १५० रुपयांनी विकली तर १०,५००, चुणी-कोंड्याचे ४००, एकूण १०,९००. भरडाई ५००, पिशव्या ३५०, पुण्यापर्यंतची वाहतूक ४२०, आणि परत आलेली, सांडलेली, नमुन्याला वाटलेली तीन किलो डाळ ४५०. उरले ९,१८०. तुरीचे ८,००० वजा केले की ११८० रुपये. त्यात तुमच्या रविवारची मजुरी अजून धरलेली नाही. एकरी पाच क्विंटल तूर असेल तर सहा हजारांच्या आत-बाहेर. वाईट नाही, पण फोनवर लोक सांगतात तसा दामदुप्पट धंदाही नाही. वाहतुकीचा आकडा सगळ्यात लबाड. दोन क्विंटलसाठी वेगळं वाहन केलं तर नफा रस्त्यातच सांडतो.

भाव वर्षभर एकच ठेवा, असं मी सांगेन. बाजारात डाळ दोनशेला गेली की तुम्हाला मोह होईल, शंभराला आली की गिऱ्हाईक तुम्हाला टोचेल. तुरीची शुल्कमुक्त आयात आणि डिसेंबर २०२३ पासून आलेला पिवळा वाटाणा यांमुळे बाजारभाव कसा हलला, ते आपण पाहिलं. त्यावर तुमचा ताबा नाही. महागाईच्या दिवसांत ज्यांना तुम्ही दीडशेलाच डाळ दिली, त्यांतल्या काहीजणी स्वस्ताईतही टिकतात. सगळ्या टिकत नाहीत.

माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गटाला मी आधी छापील पिशव्या करून घ्यायला लावल्या, पाच किलोच्या, चार रंगांत. गिऱ्हाइकांना एक किलो हवं होतं. त्या पिशव्या पुढे गटातल्या बायकांनी ज्वारीचं पीठ ठेवायला वापरल्या. तेव्हापासून मी आधी दहा घरांना साध्या पिशवीत एकेक किलो द्यायला सांगतो, आणि महिन्याने फोन करून एवढंच विचारायला सांगतो, की डाळ शिजली का.

किडीचं म्हणाल तर, अख्ख्या तुरीला भुंगा पटकन लागतो, डाळीला कमी. म्हणून तूर नीट वाळवून लवकर भरडा आणि डाळ हवाबंद ठेवा. पॉलिश नसल्याने डाळ फिकट दिसते, हे गिऱ्हाइकाला तुम्हीच आधी सांगा. दुकानातली चकाकी तेल-पाण्याच्या पॉलिशची असते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

कागदपत्रांबाबत: वार्षिक उलाढाल लहान असेल तर अन्नसुरक्षा विभागाची साधी नोंदणी पुरते. पिशवीवर वजन, किंमत, भरल्याची तारीख, गटाचं नाव-पत्ता आणि फोन हवा. पीजीएस (गटाने एकमेकांची हमी घ्यायच्या) प्रमाणनासाठी किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, एकमेकांच्या रानाची तपासणी गटच करतो, आणि हंगामी पिकांना २४ महिन्यांचा संक्रमण काळ असतो. प्रमाणपत्र नसेल तर ‘जैविक भारत’चं (प्रमाणित सेंद्रिय मालाचं) चिन्ह वापरू नका. तोपर्यंत ‘आमच्या रानातली तूर, फवारणीची वही बघायला या’ एवढं लिहा. वही मात्र खरंच ठेवा. येणारा एखादाच येतो, पण तो येऊन गेल्यावर त्याची सोसायटी तुमची होते.

*

प्रश्न (रेणापूर तालुका): टोमॅटो अवशेषमुक्त (औषधाचा अंश न राहिलेले) पिकवले तर मंदीत तरी भाव टिकेल का?

उत्तर: नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला आणि सप्टेंबरात शेतकऱ्यांनी रस्त्यावर ओतला. भाव निम्मा झाला म्हणून कोणी दुप्पट टोमॅटो खात नाही, आणि झाडावरचा माल थांबतही नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासानुसार गिऱ्हाईक टोमॅटोला जो रुपया देतं त्यातले सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात. अवशेषमुक्त मालाने हे पैसे वाढतील ते ठरलेला खरेदीदार असेल तरच, लिलावात नाही. २०१० साली युरोपात आपली द्राक्षं संजीवकाच्या (वाढ नियंत्रित करणाऱ्या रसायनाच्या) अवशेषांमुळे अडकली होती, तेव्हा तपासणीचं महत्त्व नाशिकच्या बागायतदारांना कळलं. तिथे अवशेष नसणं ही माल बंदरात उतरू देण्याची अट होती, जादा भावाचं आश्वासन नव्हतं. तुम्ही सगळं रान एकाच तारखेला लावू नका. अर्धा-अर्धा एकर वीस दिवसांच्या अंतराने लावा. २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायची मोकळीक आहे. लातुरातल्या चार खाणावळींशी आठवड्याचा भाव आधी बोलून ठेवता आला तर बघा. खाणावळवाल्याला टोमॅटो रोज लागतो आणि त्याला तो फार स्वस्तही नको असतो, फक्त रोज हवा असतो.

*

प्रश्न (औसा तालुका): एक कंपनी गांडूळ खताचे बेड विकते आणि तयार खत परत घेण्याची हमी देते. घ्यावे का?

उत्तर: हमी कागदावर मागा, आणि मागच्या वर्षी ज्यांचं खत त्यांनी परत घेतलं अशा तीन शेतकऱ्यांची नावं मागा. ती मिळाली तर त्यांच्या गावात जाऊन या. नाही मिळाली तर घरच्या दोन जनावरांच्या शेणावर झाडाच्या सावलीत एक बेड विटांचा बांधा. गांडुळांचं कल्चर कृषी विज्ञान केंद्रात विचारा, आणि जाताना माती परीक्षणासाठी मातीचा नमुनाही घेऊन जा.