अकरा नंबरचा फोन

“मॅडम, मला रडूच येत नाही. मी निर्ढावले का हो?”

मे २०२१. कोविड आयसीयूत ड्यूटी करणारी एक सिस्टर व्हिडिओ कॉलवर विचारत होती. सख्खा मामा गेल्याची बातमी ऐकून ती पुन्हा पोळ्या लाटायला लागली. आई नुसती बघत राहिली, बोलली काहीच नाही. तेच तिला लागलं होतं. (ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि तिला वाचून दाखवूनच लिहितेय.) हाच प्रश्न त्या वर्षी मला ब्रदरनी विचारला, डॉक्टरांनी विचारला, वॉर्डातल्या मावशींनीही.

पहिली चूक माझी. मी तिला दीर्घ श्वसन शिकवायला गेले. ती हसली. “अहो, दिवसभर मी लोकांना हेच सांगते. पालथे झोपा, श्वास घ्या.” मी गप्प बसले. ते बरं झालं.

मग ती बोलली. अकरा नंबरचे आजोबा जाऊन वीस मिनिटं झाली होती आणि उशाखाली त्यांचा फोन वाजत होता. स्क्रीनवर ‘घर’. घरच्यांना कळवायचं डॉक्टरांनी. ते शेजारच्या पेशंटला नळी टाकत होते. फोन वाजायचा थांबेपर्यंत ती तो हातात धरून उभी होती. तेव्हापासून रात्री दोनला उठून ती झोपलेल्या मुलाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायची. अठ्ठ्याण्णव दिसलं की मगच पाठ टेकायची.

“निर्ढावलेलं माणूस असं करतं का, सिस्टर?” मी विचारलं. ड्यूटीवर हात थरथरून चालत नाही, म्हणून मन आतलं दार लावून घेतं. घरी आलं की ते लगेच उघडतंच असं नाही. शिवाय हा नुसता थकवा नव्हता. करायला हवं होतं ते करता आलं नाही, ही टोचणी होती. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना जोनाथन शे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी ‘नैतिक जखम’ हा शब्द रूढ केला; आता अशा टोचणीलाही तोच वापरतात. थाळ्या वाजवून ती भरत नाही. आणि एकदा ‘योद्धा’ म्हटल्यावर बाईने रडायचं तरी कुठे?

‘खंबीर राहा’ या व्याख्यानांवर माझा फारसा विश्वास नाही, रोस्टरवर आहे. जास्त ताणाच्या कामावरून कमी ताणाच्या कामावर आलटूनपालटून पाठवा, जोडीने काम द्या, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच सांगितलं होतं. इन्चार्ज सिस्टरशी ती स्वतः बोलली. तीन आठवडे लसीकरणाची ड्यूटी मिळाली. ऑक्सिमीटर नवऱ्याच्या कपाटात गेला.

झोप पार उडाली असती, गोळ्यांशिवाय चालेना झालं असतं किंवा जगणं नको वाटलं असतं, तर मी तिला थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. आता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही आहे, तेव्हा नव्हता.

जुलैत तिचा फोन आला. “मॅडम, भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी फुकट दिली आणि मी भर रस्त्यात हमसून रडले.”

“आईला सांगितलंत?”

“आई सोबतच होती. पिशवी तिच्याच हातात होती.”