आधी ठामपणा ठरव, मग 'देअरफोर' लिही: आयर्लंडला निघालेल्या चोपड्याच्या भावाला उत्तर

राम राम भाऊ,

तू चोपड्याचा, मी फैजपूरचा. दोघंही सातपुड्याच्या पायथ्याचे, म्हणून हातचं न राखता लिहितो. तुझा प्रश्न थोडक्यात असा: आयर्लंडला अन्नविज्ञानात मास्टर्स करायचंय, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत रायटिंगला सहा बँडवर (बँड म्हणजे गुणांची पायरी) गाडी अडलीय. क्लासमध्ये 'देअरफोर', 'हेन्स', 'कॉन्सिक्वेंटली' अशी 'म्हणून'च्या अर्थाच्या शब्दांची भली मोठी यादी पाठ करून घेतलीय, तरी बँड हलत नाही. 'बहुतेक असं असावं' या जातीचा निष्कर्ष इंग्रजीत लिहायचा कसा, आणि तिकडे गेल्यावर याचा खरंच उपयोग होतो का?

होतो, आणि रोज होतो. मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात अन्नपदार्थ तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. इथे माझ्या कामाचा अर्धा भाग नळ्या-बाटल्यांचा आणि अर्धा भाग लिहिण्याचा.

परीक्षेचं आधी उरकतो. टास्क १ ला किमान १५० शब्द, टास्क २ ला किमान २५०, आणि गुणांत टास्क २ चं वजन दुप्पट. चार निकषांपैकी एक अख्खा निकष मांडणी आणि जोडणीचा. त्यात सहा बँडचं वर्णन वाचून बघ: जोडशब्द आहेत, पण वाक्यावाक्यांतली जोडणी सदोष किंवा यांत्रिक असू शकते. नऊ बँडची जोडणी वाचणाऱ्याच्या डोळ्यांत क्वचितच भरते. म्हणजे दर वाक्याच्या डोक्यावर एक 'मोरओव्हर' ठेवलास, तर तू सहाचंच वर्णन पूर्ण करतोयस. आणि परीक्षेच्या 'अकॅडमिक' प्रकारात टास्क १ मध्ये आलेख वगैरे असतो, तिथे कारणांचे अंदाज बांधूच नकोस. निर्यात वाढलेली दिसते तर वाढली एवढंच लिही.

आता मुद्द्याचं. शब्द नंतर शोधायचा. आपल्या हातात पुरावा किती आहे आणि त्यावरून किती ठाम बोलता येतं, हे आधी ठरवायचं. बोलताना हे आपल्याला आपोआप जमतं. 'बस गेली असणार', 'गेली असावी', 'गेली असू शकते' यांत आपण कधी गोंधळत नाही. स्टँडवर एकही माणूस नसेल तर पहिलं म्हणतो, नुसता उशीर झाला असेल तर शेवटचं. इंग्रजीत लिहायला बसलो की मात्र सगळ्यांच्या जागी एकच 'देअरफोर' येतो, आणि 'देअरफोर' म्हणजे सिद्ध झालं, विषय संपला.

आपल्याकडचंच उदाहरण घे. समज, यावल भागातल्या केळीच्या दोन बागा तू पाहिल्यास. एकीच्या कडेने वारा अडवायला शेवरी लावलेली, दुसरी उघडी. मे महिन्यातल्या वादळात उघड्या बागेतली झाडं जास्त मोडली. आता 'देअरफोर, विंडब्रेक्स प्रिव्हेंट डॅमेज' असं लिहिलंस की प्रोफेसर समासात प्रश्नचिन्ह काढतील. दोनच बागा, एकच हंगाम. शिवाय एकीत टिश्यूकल्चरची रोपं, दुसरीत कंद लावलेले असतील तर? जमीन, घडांचं वजन, दिलेला आधार, कशाचाही फरक असू शकतो. इथे बसतं ते 'धिस सजेस्ट्स दॅट द विंडब्रेक मे हॅव रिड्यूस्ड द डॅमेज'. आणखी काही हंगाम, बऱ्याच बागा, आणि तरीही तोच कल दिसला तर 'इट इज लाइकली दॅट'. पट्टे पाडून, लागवड आणि पाणी सारखं ठेवून प्रयोग केला, तरच 'देअरफोर'च्या जवळ जाता येईल. प्रत्येक पायरीवर शब्द बदलला, कारण पुरावा बदलला.

हे किती गांभीर्याने घेतलं जातं याचा माझ्या माहितीतला सगळ्यात चांगला नमुना म्हणजे आयपीसीसी, संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलाचा आढावा घेणारी समिती. त्यांच्या अहवालांत 'लाइकली' हा शब्द मापून वापरतात: शक्यता ६६ टक्क्यांच्या वर असेल तर 'लाइकली', ९० च्या वर 'व्हेरी लाइकली', ९५ च्या वर 'एक्स्ट्रीमली लाइकली', ९९ च्या वर 'व्हर्च्युअली सर्टन'. तापमानवाढीला मुख्यतः माणूस जबाबदार आहे का, या एकाच प्रश्नावर २००१ मध्ये त्यांनी 'लाइकली' लिहिलं, २००७ मध्ये 'व्हेरी लाइकली', २०१३ मध्ये 'एक्स्ट्रीमली लाइकली'. २०२१ मध्ये, माणसामुळे पृथ्वी तापली हे निर्विवाद आहे, असं सरळ विधान केलं. वीस वर्षांत पुरावा साठत गेला तसा शब्द चढत गेला. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे 'कदाचित' म्हणणाऱ्याला कच्चा समजतात. इथे जेवढं माहीत आहे तेवढंच म्हणणाऱ्याचा शब्द पुढच्या वेळी विश्वासाने घेतात.

व्याकरणातल्या चार जागा सांभाळ. आपण मराठीतून 'जरी-तरी', 'कारण-म्हणून' अशा जोड्या घेऊन येतो, त्यातून 'ऑल्दो' आणि 'बट', 'बिकॉज' आणि 'सो' एकाच वाक्यात शिरतात. दोन्हींपैकी एकच ठेव. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने आणि 'देअरफोर'ने जोडता येत नाहीत. आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. अंदाजाचा 'मस्ट बी' नकारात न्यायचा असेल तर 'मस्ट नॉट बी' लिहू नकोस, 'कान्ट बी' लिही. औपचारिक लिखाणात 'कॅनॉट बी'. आणि 'मे पॉसिबली परहॅप्स' अशी रांग लावू नकोस, एका वाक्यात शंकेचा एक शब्द पुरे. 'ऑब्व्हियसली' आणि 'क्लिअरली' मात्र मला अजिबात आवडत नाहीत. जिथे पुरावा कमी पडतो नेमके तिथेच ते हाताशी येतात.

कॉलेजबाहेरही हेच लागतं. घर भाड्याने घेशील, बेडरूमच्या भिंतीला ओल येईल. इथल्या थंड, दमट हवेत ओल आली की घरमालकाचं ठरलेलं उत्तर असतं: तुम्ही खिडक्या उघडत नाही, वाफ धरते. 'पाइप लीक आहे, काइंडली रिपेअर' असा ईमेल केलास तर तेच उत्तर येईल. त्यापेक्षा आधी दिसलेलं लिही आणि मग अंदाज: ओल फक्त शॉवरच्या मागच्या भिंतीला आहे, बाकीच्या तिन्ही भिंती कोरड्या आहेत, डाग जमिनीकडून वर चढतोय; 'धिस सजेस्ट्स अ लीक रादर दॅन कंडेन्सेशन. कुड यू प्लीज हॅव इट चेक्ड?' यात तू प्लंबर असल्याचा दावा केलेला नाहीस, पण समोरच्याला वाफेचं कारण सांगायला जागाही ठेवलेली नाहीस. फोटो जोड, तारीख टाक.

वाचतानाही कान तयार ठेव. 'इट इज अनलाइकली दॅट वी कॅन प्रोसेस धिस बिफोर फ्रायडे' आलं तर शुक्रवारची आशा सोड आणि दुसरी सोय बघ. गाइडने 'यू मे वाँट टू लुक अगेन अ‍ॅट टेबल टू' लिहिलं तर मर्जी असेल तर बघ असा अर्थ घेऊ नकोस; त्या तक्त्यात काहीतरी चुकलंय आणि ते आजच बघायचंय. आपल्या भागातला माणूस थेट बोलतो, म्हणून हे मऊ शब्द पहिले काही महिने आपल्याला सूचनेसारखे ऐकूच येत नाहीत.

परीक्षेला वेळ आहे, तर एक कर. यादी बाजूला ठेव आणि तुझे जुने तीन-चार निबंध काढ. प्रत्येक 'देअरफोर', 'हेन्स', 'दस' खाली रेघ मार आणि विचार, आधीच्या वाक्याने हे खरंच सिद्ध झालं का? झालं असेल तर राहू दे. अर्धवट झालं असेल तर 'इज लाइकली टू' किंवा 'धिस सजेस्ट्स' घाल. काहीच झालं नसेल तर जोडशब्द काढून टाक आणि त्या जागी कारण किंवा उदाहरण लिही. निबंध तिथेच पातळ आहे. एसओपीलाही, म्हणजे प्रवेश अर्जासोबतच्या उद्देशपत्रालाही, हीच रेघ लाव. 'आय विल डेफिनेटली बिकम' असं जिथे असेल तिथे तू आजवर केलेलं एखादं काम लिही, आणि तो मसुदा मला पाठव. शनिवार-रविवारी मी निवांत असतो, वाचून कळवतो.