प्राचीन माया लोकांच्या रिओ बेक शैलीतल्या इमारतींच्या मनोऱ्यांवर चढून वरच्या मंदिरात जाता येत होतं का?

नाही, ते मनोरे फक्त दिसण्यासाठी होते आणि वरचं मंदिरही खोटंच आहे. मेक्सिकोत काम्पेचे राज्याच्या दक्षिण भागात साधारण इ.स. 600 ते 900 या काळात ही शैली बहरली. समोरून पाहिलं तर ग्वातेमालातल्या तिकाल या माया शहरात आहेत तशा उंच पिरॅमिडचा भास होतो. पण जवळ गेलं की कळतं, जिना जवळजवळ भिंतीसारखा उभा आहे आणि पायऱ्या इतक्या अरुंद की पाऊल नीट टेकत नाही. माथ्यावरच्या 'मंदिरा'ला दार कोरलंय, आत मात्र खोली नाही, सगळं भरीव बांधकाम. माणसांचा खरा वावर मनोऱ्यांच्या मधल्या बुटक्या इमारतीतल्या खोल्यांत होता. मला तर या शैलीचं सगळं कौशल्य यातच दिसतं: पिरॅमिडचा दरारा हवा, पण राहायच्या जागेवर उभा केलेला! सहसा दोन मनोरे असतात. याच भागातल्या श्पुहिल या प्राचीन स्थळी पहिल्या क्रमांकाच्या इमारतीला मात्र तीन आहेत. तिथेच एक अपवादही सापडतो: दक्षिणेकडच्या मनोऱ्याच्या पोटातून एक अरुंद जिना खरोखर वर जातो. त्यामुळे 'सगळेच मनोरे पूर्ण भरीव' असं मात्र म्हणू नये.