सीओईपी हवंय? मग हे बघ

पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय, ही इंजिनिअरिंग कॉलेजं डोक्यात असतील तर आधी सीईटीचं, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचं, गणित पक्कं कर. गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २ गुण, फिजिक्स-केमिस्ट्रीला १. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नकोस.

खरा घोळ होतो तो कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेज-ब्रँचचा पसंतीक्रम भरताना. ‘मिळणारच नाही’ म्हणून पोरं आवडतं कॉलेज खाली ढकलतात! अरे, वाटप मेरिट आणि तुझ्या पसंतीक्रमानेच होतं. अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालचं हातचं जात नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला की पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून काकांच्या आग्रहाखातर भलतीच ब्रँच वर टाकू नकोस.

राखीव जागेतून अर्ज असेल तर जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रांच्या मागे आत्ताच लाग. निकालानंतर सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.