हरितलवकातला 'लवक' आला कुठून?

प्रश्न असा: "फुलझाडांची उत्क्रांतीतली नाती 'हरितद्रव्याच्या जीनोम'वरून ठरवतात असं एका ठिकाणी वाचलं, दुसरीकडे 'हरितलवकाच्या' असं होतं. बरोबर कोणतं? आणि जीनोमला 'जनुकसंच' म्हणावं का?"

हरितलवकाच्या. 'हरितद्रव्याचा जीनोम' ऐकून ऐकून कान किटले आहेत. शाळेत पान स्पिरिटमध्ये उकळल्याचं आठवत असेल. स्पिरिट हिरवं होतं, पान पांढुरकं पडतं. स्पिरिटमध्ये उतरलं ते हरितद्रव्य, एक रंगद्रव्य. जीनोम म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए. रंगाला कसला आलाय जीनोम? आता हायड्रिलाचं कोवळं पान सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पेशीच्या कडेकडेने हिरवे चपटे दाणे सरकताना दिसतात. ती हरितलवकं. त्यांच्या पोटात हरितद्रव्य असतं आणि स्वतःचा डीएनएही असतो. तंबाखूच्या हरितलवकाचा डीएनए १९८६ साली पूर्ण वाचून झाला, जवळजवळ १ लाख ५६ हजार जोड्यांचा (डीएनएची शिडी अशा रासायनिक जोड्यांची बनते).

'हरित' सगळ्यांना कळतं. गंमत 'लवक'मध्ये आहे. एका शब्दमार्गदर्शकाने तो 'लवचीक'शी जोडलाय, का तर लवकाचं इंग्रजी नाव 'प्लास्टिड' आणि प्लास्टिक लवतं! हे साफ चूक आहे. प्लास्टिडमागच्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'घडवलेलं', लवण्या-वाकण्याचा तिथे संबंध नाही. आणि मराठी 'लवणे' हे 'नम्'चं वंशज, 'न'चा 'ल' झालेलं, जसं निंबाचं लिंब. 'लवक'मधला 'लव' वेगळ्या घराण्यातला आहे. संस्कृत धातू 'लू', म्हणजे कापणे. लव म्हणजे कापलेला तुकडा, म्हणून कण, म्हणून लवलेश. कातरलेली लोकर, केस यांनाही लव म्हणत. लवलेशातला लव याच घराण्यातला, आणि हुबेहूब दिसणारं 'लवणे' मात्र परकं.

सरळ व्युत्पत्ती लव अधिक क, म्हणजे बारीकसा तुकडा. पण मला दुसरी जास्त आवडते. पाणिनीने प्रु, सृ, लू या धातूंना 'वुन्' प्रत्यय सांगितलाय (३.१.१४९). त्यातून प्रवक, सरक आणि लवक हे शब्द होतात. टीकाकार म्हणतात, हा प्रत्यय काम सफाईने करणाऱ्याला लागतो. म्हणजे लवक हा कुशल कापणारा! आणि हरितलवक करतं काय? उजेडाच्या बळावर पाण्याचा रेणू तोडतं. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन त्याच तोडणीत सुटलेला. शब्द बनवणाऱ्याच्या मनात काहीही असो, शब्द नेमका बसलाय. म्हणूनच 'हरितकणू' हा पर्याय मला पटत नाही. कणू म्हटलं की वाळूच्या दाण्यासारखं निर्जीव काहीतरी वाटतं.

आता नात्यांचं. १९९३ साली सुमारे ५०० बीजधारी वनस्पतींमधलं हरितलवकाचं एकच जनुक ताडून पाहिलं गेलं, आणि दिसण्यावरून मांडलेली बरीच नाती कोसळली. कमळ आणि कुमुद बघा. दोन्ही पाण्यात, दोन्हींची पानं गोल, फुलंही तशीच, म्हणून पूर्वी एका कुळात घालत. हरितलवकाचा डीएनए सांगतो की कुमुदाची शाखा फुलझाडांच्या अगदी सुरुवातीलाच वेगळी झाली आणि कमळाचा जवळचा नातेवाईक आहे चिनार, तो उंच वृक्ष! 'लव' आणि 'लवणे' यांचंच दुसरं रूप.

मात्र या नात्याला नुसतं 'वंशवृक्ष' म्हणू नका. बहुतेक फुलझाडांत हरितलवक आईकडूनच येतं. मी तिथे 'मातृवंश' म्हणतो. पेशीच्या केंद्रकातला डीएनए आईबाप दोघांकडून येतो, म्हणून संकर झालेला असेल तर तो वेगळीच हकिगत सांगतो.

'हरितद्रव्याचा जीनोम' चूक का, याबद्दल अजून शंका असेल तर एपिफेगस ही वनस्पती घ्या. बीच वृक्षाच्या मुळांवर जगणारं, फुलं येणारं बांडगूळ. त्यात हरितद्रव्य नाहीच, तरी लवकाचा जीनोम आहे. १९९२ साली वाचला तेव्हा तो जेमतेम ७० हजार जोड्यांचा भरला. प्रकाशसंश्लेषणाची जनुकं गेलेली. लवकाने इथे स्वतःचाच डीएनए कापलाय. हरितद्रव्य गेलं तरी जो उरतो त्याला 'हरितद्रव्याचा जीनोम' कसं म्हणणार?

'जनुकसंच' राहिलंच. जीनोमच म्हणा. जनुकांच्या मधल्या पट्ट्याही त्यात येतात, आणि जवळच्या जातींची नाती लावताना बऱ्याचदा त्याच कामी येतात, कारण त्या लवकर बदलतात.