वाचक विचारतात : मैदानातले क्लब, विकेट आणि रविवारचे अकरा जण

मुंबई आणि आसपासच्या जुन्या हौशी क्रिकेट क्लबांच्या अडचणींवर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पत्रं बरीच आली. एकाच विषयावरची पत्रं एकत्र करून खाली उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमचा क्लब साठ वर्षांहून जुना. पूर्वी सगळी टीम चाळींतून चालत मैदानावर यायची. आता चाळींच्या जागी टॉवर झाले, मेंबर बदलापूर, विरार, पनवेलला गेले. रविवारी टॉसला सात-आठ जणच हजर असतात. लीगमधून टीम काढून घ्यावी का?
– एक सेक्रेटरी, दादर

उत्तर : इतक्यात नको. आधी रजिस्टर उघडा आणि गेल्या दहा सामन्यांत खरोखर कोण खेळलं ते मोजा. बहुतेक क्लबांच्या यादीत पंचवीस नावं असतात आणि येणारे बारा. रविवारी अकरा उभे करायचे तर उपलब्ध असणारे निदान वीस-बावीस खेळाडू लागतात, कारण शिफ्ट, परीक्षा, लग्न आणि दुखापत यांत दर आठवड्याला सात-आठ जण गळतातच. बुधवारी रात्री प्रत्येकाकडून हो किंवा नाही घ्या. ‘बघतो’ म्हणणाऱ्याला नाही समजा. शुक्रवारी तेरा नावं पक्की करा आणि त्यांतले दोघे तरी मैदानापासून वीस मिनिटांवर राहणारे असू द्या. मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते सामन्याच्या आधीच कळतं. ते पाहून लांबच्यांना एक लोकल आधीची सांगा. किटबॅग मैदानावरच्या क्लबच्या तंबूतच राहू द्या. पॅड-बॅटचं ओझं घेऊन गर्दीच्या डब्यात चढायचं म्हटलं की कर्जतचा पोरगा दोन रविवार येतो, तिसऱ्या रविवारी घरीच थांबतो.

उशिरा येणाऱ्यांबाबत नियम नीट माहीत हवेत. टॉसच्या आधी अकरा नावं लेखी द्यायची असतात. गाडीत अडकलेल्याचं नाव त्यात घालता येतं. पण तुमची फील्डिंग सुरू झाल्यावर तो उशिरा मैदानात उतरला, तर जितका वेळ तो बाहेर होता तितका वेळ मैदानावर काढल्याशिवाय त्याला बॉलिंग करता येत नाही. ही पेनल्टी जास्तीत जास्त नव्वद मिनिटांची असते. फलंदाजीलाही तो वेळ भरेपर्यंत किंवा पाच विकेट पडेपर्यंत त्याला थांबावं लागतं. म्हणून मुख्य बॉलर रुळांवर अडकलाय आणि टॉस तुम्ही जिंकलाय, तर विकेट, म्हणजे खेळपट्टी, कशीही असो, बॅटिंग घ्या. कमीत कमी किती खेळाडूंवर सामना सुरू करता येतो आणि वॉकओव्हरला काय दंड आहे, ते लीगच्या नियमपुस्तिकेत हंगामाआधी वाचून ठेवा.

आता थोडं कटू. एके काळी टाटा, मफतलाल, निर्लॉन, एसीसी यांच्यासारख्या कंपन्या आणि बँका खेळाडूंना नोकऱ्या द्यायच्या. पोरं शहरातच राहायची, संध्याकाळी नेटला, म्हणजे सरावाला, यायची. तो आधार गेला, परत येणार नाही. पण त्या टॉवरांत आणि त्यांच्या आसपास नवीन माणसं राहायला आली आहेत. कुरिअर आणि हॉटेलांत काम करणारी परप्रांतीय पोरं टेनिस बॉलवर तुफान खेळतात. त्यांना कुणी तंबूत बोलावत नाही, कारण अर्ज ओळखीनेच घ्यायचा हा अनेक क्लबांचा अलिखित नियम. अकरा जण नाहीत असं म्हणत हा नियम पाळायचा, हे आम्हाला पटत नाही. महिन्यातून एक खुली नेट ठेवा, तंबूच्या दारावर दिवस आणि वेळ लिहा, पहिल्या वर्षाची वर्गणी हप्त्यांनी घ्या.

प्रश्न : आमच्या मैदानावर सभा होतात, नवरात्राचा मांडव पडतो. नंतर विकेटवर खड्डे आणि खिळे. बुजवलं तरी बॉल एकदा छातीवर, एकदा घोट्यावर. दुरुस्ती कशी करावी?
– क्लबचे मैदानप्रमुख, ठाणे

उत्तर : बॉल असा वेडावाकडा येतो तो बहुधा खड्डा भरताना दुसरी माती वापरल्यामुळे. जुनी माती वाळताना जितकी आकसते तितकी नवी आकसत नाही. दोन्हींमध्ये केसाएवढी फट पडते, तिच्यावर टप्पा पडला की बॉल खाली राहतो. म्हणून पहिला नियम : विकेट ज्या मातीची, तीच माती पोत्यात भरून कोरड्या जागी साठवून ठेवा. माती कशी आहे ते बघायला तिचा लिंबाएवढा गोळा मळून आठवडाभर सावलीत वाळवा. पायाखाली सहज चुरला तर ती माती विकेटच्या कामाची नाही.

मांडव उतरला की आधी दोरीला बांधलेलं मोठं लोहचुंबक विकेटवरून आणि रनअपवरून उभं-आडवं फिरवा. बारीक-मोठे खिळे आणि तारांचे तुकडे पायापेक्षा डाइव्ह मारणाऱ्या फील्डरच्या हाताला जास्त लागतात. मग बांबूची भोकं. भोकातली सैल माती आणि खडी तळापर्यंत काढा, कडा सळईने खरवडा, म्हणजे नवी माती धरून राहील. चाळलेली माती पाच सेंटिमीटरच्या थरांनी भरा. प्रत्येक थर फक्त ओलसर करा, चिखल नको, आणि धुम्मसने ठोका. भोक एकाच वेळी भरून वरून पाणी ओतलं की वरची पापडी घट्ट होते, आत पोकळी राहते आणि तिसऱ्या सामन्यात तिथे खड्डा पडतो. शेवटचा थर पातळीपेक्षा किंचित उंच ठेवा, रोलरखाली तो बसतो. बॉलरच्या पायांनी क्रीझजवळ झालेले खड्डेही याच रीतीने भरायचे. तिथली मोकळी धूळ मात्र आधी पूर्ण काढायची.

पूर्ण विकेटला वरचा थर द्यायचा असेल तर तो पाऊस संपल्यावर, हरळी वाढत असताना द्या. विकेट 20.12 मीटर लांब आणि 3.05 मीटर रुंद, म्हणजे सुमारे 61 चौरस मीटर. 6 मिलिमीटरच्या थराला चाळलेली कोरडी माती साडेचारशे ते पाचशे किलो लागते. त्याहून जाड थर एका वेळी नको. खालची हरळी गुदमरते आणि दोन थरांमध्ये सांधा राहतो. गालिचे आणि फळ्यांखाली हरळी मेलेली असेल तर तिच्या कांड्या दहा-बारा सेंटिमीटरवर लावा आणि तीन-चार आठवडे त्या विकेटवर सामना ठेवू नका. मुळं मातीला बांधून ठेवतात. मुळं नसलेली विकेट दुपारपर्यंत भुगा होते.

सामन्याच्या पाच-सहा दिवस आधी पाणी. या विकेटवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे सहाशे लिटर. वाळलेली माती आठ-दहा सेंटिमीटरपर्यंत भिजायला त्याच्या अडीच-तीन पट लागतं. ते दोन दिवसांत विभागून, बारीक झारीने द्या. नळी सोडून ठेवली तर पाणी उताराकडे जातं आणि एक बाजू कोरडी राहते. मग वाट बघा. अंगठा दाबल्यावर ठसा उमटतो पण माती चिकटत नाही, तेव्हा हलका रोलर सुरू करा. सगळं बिघडतं ते इथेच : सामना रविवारी आणि पाणी गुरुवारी दिलं म्हणून घाईने ओल्यावरच जड रोलर फिरवला जातो. माती रोलरला चिकटते, पुढे लाट येते, वर पापडी धरते आणि खाली ओल राहते. पहिल्या तासात बॉल लवकर येतो, दुपारी पापडी फुटली की खेळणं अवघड. रोलर चालण्याच्या निम्म्या वेगाने, आधी लांबीने, मग थोडा तिरका. वजन दिवसागणिक वाढवा, थोडा थोडा वेळ फिरवा. मार्च-एप्रिलच्या उन्हात ही सगळी प्रक्रिया तीन दिवसांत उरकते, तेव्हा पाणी सामन्याच्या जवळ द्या. शेवटचं गवत 5-6 मिलिमीटरवर कापा, कापलेलं गवत झाडून काढा, मग चुन्याच्या रेषा.

आणि मांडव पडण्याआधीचं काम : वॉर्ड ऑफिसला आणि आयोजकांना लेखी कळवून विकेटच्या भोवती 25 बाय 5 मीटरची जागा बांबूंनी बंद करून घ्या. नुकसानीची अनामत रक्कम मागा. विकेटवर दहा दिवस प्लास्टिक टाकून ठेवण्याचा सल्ला ऐकू नका. खाली उकडून हरळी सडते. या सगळ्यात माळ्याला त्याच्या कामाचे पैसे वेळेवर मिळतात का, हे आधी तपासा. आमचा अंदाज असा की निम्म्या विकेटी मातीमुळे नाही, बुडालेल्या पगारामुळे खराब होतात.

मॅटवर खेळत असाल तर काम सोपं : खालचा मुरूम सपाट करा, खडे वेचा, मॅट दोन्ही टोकांकडून ताणून चहूबाजूंनी खिळे ठोका. सुरकुतीवर टप्पा पडला की बॉल थांबून उसळतो. त्यामुळे दर तासाला एकाने तिच्यावरून चालून पाहिलेलं बरं.

प्रश्न : मैदानाच्या कडेला नवा टॉवर झाला. बॉल गाड्यांवर जातो, सोसायटी पोलिसांत जाते. मैदान आमच्या आधीचं आहे, मग दोष आमचा कसा?
– क्लबचे अध्यक्ष, गोरेगाव

उत्तर : ‘आम्ही आधीपासून इथे आहोत’ एवढंच पुरत नाही. इंग्लंडमध्ये याच वादावर दोन गाजलेले निकाल आहेत. भारतात ते बंधनकारक नाहीत, पण वकील त्यांचे दाखले देतात. 1951 च्या बोल्टन विरुद्ध स्टोन खटल्यात मँचेस्टरच्या चीथम हिल भागातल्या मैदानातून बॉल रस्त्यावर गेला आणि एका बाईंना लागला. तीस वर्षांत सुमारे सहा वेळाच बॉल असा बाहेर गेला होता, म्हणून क्लबचा निष्काळजीपणा मानला गेला नाही. 1977 च्या मिलर विरुद्ध जॅक्सनमध्ये घरं नुकतीच मैदानाला लागून बांधलेली होती आणि बॉल वारंवार पडत होते. तिथे क्लबला नुकसानभरपाई द्यावी लागली, पण खेळ बंद करायला कोर्टाने नकार दिला. म्हणजे बॉल किती वेळा बाहेर जातो, यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून वही ठेवा : तारीख, कोणत्या टोकाची बॉलिंग, बॉल कुठे पडला, काय नुकसान झालं. दोन महिन्यांत चित्र स्पष्ट होतं. बहुतेक वेळा दोषी एकच टोक आणि उजव्या फलंदाजाचा लेग साइड असतो. मग मधल्या विकेटा वापरा, टॉवरच्या बाजूच्या नाही.

बॉलचा व्यास सात सेंटिमीटरच्या आसपास. जाळीचे डोळे 45-50 मिलिमीटरचे घ्या आणि खांब वाऱ्याचा जोर धरणारे. पावसाळ्याआधी जाळी उतरवा. पालिकेची परवानगी लेखी हवी. सराव सामन्यांत त्या बाजूच्या जाळीवरून गेलेल्या बॉलला फलंदाज बाद धरा. दोन रविवारांत फटके दुसऱ्या बाजूला जायला लागतात. फुटलेल्या काचेचे पैसे वाद न घालता द्या आणि तिसऱ्या पक्षाचा विमा उतरवा. वर्षाच्या वकिलाच्या फीपेक्षा तो स्वस्त पडतो.

प्रश्न : आमचे तीन विश्वस्त वारले, निवडणुका झाल्या, पण कागद कुठेच गेले नाहीत. आता बँक नवीन सह्या घेत नाही. काय करू?
– खजिनदार, गिरगाव

उत्तर : महाराष्ट्रात संस्था सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली असेल तर बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत कलम 22 खाली धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. उशीर झाला तर उशीर माफीचा वेगळा अर्ज, कारणांसह. सगळ्यात जास्त घोळ क्रमाचा होतो : 2012 ची निवड नोंदवली नसताना 2022 ची नोंदवायला गेलात तर अडकाल. म्हणून जुन्यापासून सुरुवात करा. प्रत्येक बदलासाठी सभेची नोटीस, इतिवृत्त, हजेरीच्या सह्या, नव्यांची संमतिपत्रं, वारलेल्यांचे मृत्यूचे दाखले. इतिवृत्ताची वही हरवली असेल तर ती नव्याने ‘तयार’ करू नका. ते फसवणुकीत मोडतं. हयात सदस्यांची प्रतिज्ञापत्रं घ्या. सोबत लेखापरीक्षण थकलं असेल तर तेही पूर्ण करा. पुढच्या वेळी दोनऐवजी तीन सहीदार ठेवा.

प्रश्न : पोरं टर्फवर टेनिस बॉल खेळतात, सीझन बॉलला (चामड्याच्या कडक बॉलला) घाबरतात. नेटला कसं आणावं?
– प्रशिक्षक, डोंबिवली

उत्तर : घाबरणं चुकीचं नाही. टेनिस बॉल 58 ग्रॅमच्या आसपास, सीझन बॉल 156 ते 163. तेरा वर्षांखालच्या मुला-मुलींना 133 ते 144 ग्रॅमचा आणि त्याहून मोठ्या मुलींना 140 ते 151 ग्रॅमचा बॉल द्या. मोठ्यांच्या बॉलवर लहान बोटं दुखावतात आणि पोरगं परत येत नाही. पहिले दोन आठवडे फक्त झेल आणि थ्रो, मग थ्रोडाऊन (जवळून हाताने टाकलेले बॉल खेळणं), मग नेट. टेनिस बॉल उंच उसळतो, म्हणून ही पोरं मागच्या पायावर राहून बॅट आडवी फिरवतात. त्यांना पुढचा पाय टाकायला शिकवताना गार्ड आणि हेल्मेट क्लबचे द्या. स्वतःचं किट घेऊन या, असं पहिल्याच दिवशी सांगितलं की निम्मी गळतात.

प्रश्न : मुलींची टीम काढायची आहे. तंबूत कपडे बदलायला जागा नाही.
– पालक, मुलुंड

उत्तर : तंबूचा एक कोपरा प्लायवूडने बंद करा, आतून कडी, वर दिवा. एका टोकाला खोल कपाट केलं तर किटही तिथे मावतं. शौचालयाची सोय होईपर्यंत जवळच्या शाळेशी किंवा जिमखान्याशी लेखी ठरवा आणि सामन्याच्या दिवशी किल्ली कोणाकडे असेल ते नाव नोटीसबोर्डवर लावा.

प्रश्न : कांगा लीगसाठी विकेट झाकायला हवी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. 1948 पासून मुंबईच्या क्लबांची ही लीग पावसात, उघड्या विकेटवर खेळायचीच म्हणून आहे. भिजून वाळणाऱ्या विकेटवर बॉल थांबून येतो तेव्हा तंत्र उघडं पडतं. क्लबांनी मैदान खेळण्याजोगं करायचं तर रनअपवर लाकडाचा भुसा टाका, विकेटवर कधीच नाही, तो मातीत मिसळून पुढच्या हंगामापर्यंत राहतो. साचलेलं पाणी स्पंजने काढा, झाडूने ढकलू नका, त्यात वरची माती वाहून जाते.